जजसाहेबांचे बटाटे

बटाटा काढणीला आला आणि सुताराने वाटेवर फाटक बसवलं, या दोन्ही गोष्टी एकाच मंगळवारी झाल्या.

फाटक चांगलं होतं, हे थोरल्यालाही कबूल करावं लागलं. जुन्या फळ्यांचं, पण रंधा मारून गुळगुळीत केलेलं, आणि सांधे असे की त्यात नख शिरू नये. थोरला ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. फाटकावरून हात फिरवला, कडी हलवून पाहिली. कडीला कुलूप होतं. पलीकडे सुतार स्टुलावर बसून करवतीला कानस मारत होता.

"हे काय?" थोरल्याने विचारलं.

"फाटक."

"ते दिसतंय. पण इथे कशाला?"

"दुसरीकडे माझ्या शेतातून तुमची वाट जात नाही ना, म्हणून इथे."

सुतार शेजारचाच. निम्मा शेतकरी, निम्मा सुतार. खिशात कायम टेप, म्हणून गावाने त्याचं नाव फूटपट्टी ठेवलेलं. कोणी म्हणालं, घर इथून जवळच आहे, की हा विचारणार, जवळ म्हणजे किती. थोरल्याचं बटाट्याचं शेत याच्या शेताच्या मागे, खोलगट जागेत. रस्त्यापासून तिथे जायची एकच सोपी वाट होती आणि ती सुताराच्या बांधावरून जायची. आजोबांच्या वेळेपासून जायची. दुसरा मार्ग म्हणजे मागचं खडकाळ टेकाड चढून पलीकडे उतरायचं. तिथून शेळीसुद्धा जाताना विचार करते.

"बटाटा निघायला आलाय," थोरला म्हणाला.

"दिसतोय. पाला छान वाळलाय."

"मग आम्ही न्यायचा कुठून?"

सुताराने करवत डोळ्यासमोर धरून तिचे दात एका रेषेत आहेत का ते पाहिलं. "तुमच्या घरात जज आहे," तो म्हणाला. "त्याला विचारा."

घरात जज होता, हे खरंच होतं. थोरल्याचा धाकटा भाऊ. त्याने आयुष्यात तीन कामं केली. वकील होता तेव्हा भांडायचा, आमदार झाला तेव्हा हसायचा, आणि आठ महिन्यांपूर्वी जज झाला तेव्हापासून गप्प बसायचा. घरच्यांच्या मते तिसरं काम त्यातल्या त्यात बरं होतं.

आमदार तो ठरवून झाला नव्हता. दोन मोठे उमेदवार एकमेकांना पाडण्यात इतके रंगले की हा मधल्यामध्ये निवडून आला. पुढची दहा वर्षं त्याने कोणालाही नाही म्हटलं नाही. शाळा पाहिजे, होऊन जाईल. दवाखाना पाहिजे, होऊन जाईल. शाळेच्या जागी दवाखाना पाहिजे, तेही होऊन जाईल. मागेल त्याला छापील कागदावर पत्र मिळायचं: सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून त्यांची मागणी रास्त आहे. बांधावरून भांडणारे दोघे आले तर दोघांनाही पत्र मिळायचं आणि दोघंही हसत घरी जायचे. दुसऱ्यांदा तो मोठ्या फरकाने निवडून आला. तिसऱ्यांदा उभाच राहिला नाही. हसून हसून गाल दुखतात, हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं.

मग न्यायाधीशांच्या जागा निघाल्या. पंधरा वर्षांची वकिली गाठीशी होती. पक्षाचा राजीनामा दिला, परीक्षा दिली, मुलाखतीला गेला. तिथे विचारलं, "विधिमंडळात दहा वर्षं काय केलंत?"

"बहुतेक वेळ बसलो."

"न बोलता?"

"बोलू दिलं नाही."

समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याला घेतलं.

अडचण नंतर सुरू झाली. दावा उभा राहिला की वादी एक घडी घातलेला कागद पुढे करायचा. त्यावर याचीच सही. प्रतिवादी दुसरा कागद काढायचा. त्यावरही याचीच सही. आपण ज्याची शिफारस केली त्याचा दावा आपण चालवायचा नसतो, म्हणून तो दावा शेजारच्या दालनात न्यायाधीशबाईंकडे जायचा. पहिल्याच महिन्यात एकोणतीस गेले. तिसाव्याला बाई स्वतः आल्या. वयाने आणि नोकरीने मोठ्या, चष्मा साखळीला बांधलेला.

"असं करा," त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्यांना नाही म्हणाला होतात त्यांची यादी द्या. तेवढे दावे तुमच्याकडे ठेवू."

याने मान खाली घालून बराच विचार केला. "मॅडम, तशी यादी नाही," तो म्हणाला.

तर मंगळवारी संध्याकाळी तो कोर्टातून घरी आला तेव्हा थोरला ओट्यावर वाट पाहत बसलेला होता. आत धाकट्याची बायको आणि थोरली वहिनी रिकाम्या गोण्या झटकून भोकं शोधत होत्या. थोरल्याने फाटकाचं सगळं सांगितलं, सांध्यांसकट.

"एक फोन कर," थोरला म्हणाला.

"कोणाला?"

"कोणालाही. पूर्वी करायचास ना."

"दादा, आता मला करता येत नाही. जजने फोन केला तर तो फोन राहत नाही, दबाव होतो."

"मग तूच जाऊन दोन शब्द सुनाव."

"ते तर त्याहून वाईट."

"म्हणजे आमदार होतास तेव्हा तुझा उपयोग नव्हता, कारण तू सगळ्यांचा होतास. आता जज आहेस तर उपयोग नाही, कारण तू कोणाचाच नाहीस."

"रीतसर दावा लावता येतो," जज म्हणाला. "वहिवाटीचा हक्क आहे आपला. मॅडमच्या कोर्टात लावायचा. पाचेक महिन्यांत तारीख मिळेल."

वहिनींनी गोणीच्या भोकातून दीराकडे पाहिलं. "मग बटाट्याला सांगू का तेवढं थांबायला? तुम्हीच सांगा भाऊजी, तुमचं ऐकेल."

बुधवारी पहाटे उजाडल्याबरोबर चौघं टेकाडावरून शेतात उतरले. मजूर मिळत नव्हते, सगळ्यांचेच बटाटे एकदम आलेले. आमदारकीच्या दिवसांत एका हाकेवर चाळीस पोरं धावून आली असती. पण त्यातला एखादा उद्या आपल्यासमोर आरोपी म्हणून उभा राहील, या भीतीने जजसाहेब हाक मारत नव्हते.

थोरला कुदळीने सरी फोडत पुढे जायचा, मागून बायका माती चाळवून बटाटे वेचायच्या. ताजा बटाटा सालीला फार हळवा, अंगठा घासला तरी सोलतो. उन्हात राहिला तर हिरवा पडतो, म्हणून लगेच उचलून झाडाच्या सावलीत पसरायचा. जजने दुसरी कुदळ घेतली. पंचवीस वर्षांत त्याने कुदळ धरलेली नव्हती, भूमिपूजनं सोडली तर. आणि भूमिपूजनात खाली बटाटा नसतो. त्याच्या घावांनी पटापट बटाटे चिरू लागले. कुदळ वर आली की टोकाला एखादा अर्धा बटाटा लटकलेला असायचा.

वहिनींनी चिरलेल्यांसाठी वेगळी टोपली ठेवली. तो कोर्टाला निघेपर्यंत ती भरली.

"ही भाऊजींची," त्या थोरल्याला दाखवून म्हणाल्या.

"चिरलेला बाजारात चालत नाही," थोरला म्हणाला. "घरीच खावा लागेल."

त्या आठवड्यात घरात दोन्ही वेळा उकडलेले बटाटे झाले. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, जरा कमी चिरा. मलाही चव बदलावीशी वाटते."

सकाळी दोन तास खणायचं, विहिरीवर हातपाय धुवायचे आणि कोर्ट गाठायचं, असं तीन दिवस चाललं. तळव्यांना फोड आले, ते फुटले. गुरुवारी कारकुनाने एक कागद दोनदा उजेडात धरला. "साहेब, ही सही आपली वाटत नाही." जजने हात उघडून दाखवला. कारकून शेतकऱ्याचाच मुलगा. त्याने तळवा नीट पाहिला, म्हणाला, "दांड्याला कापड गुंडाळा साहेब," आणि कागद पुढे सरकवला.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळा माल निघाला. शहाण्णव गोण्या. बायकांनी दाभणाने तोंडं शिवली. व्यापाऱ्याचा ट्रक सोमवारी सकाळी सातला रस्त्यावर येणार होता. आणि पश्चिमेला ढग जमू लागले होते. शेत खोलगट. एक पाऊस झाला की गोण्यांखाली पाणी साठणार, आणि भिजलेला बटाटा दोन दिवसांत वास मारणार. वर्षभराचं पीक तिथे सुतळीने तोंड बांधून बसलेलं होतं.

शनिवारी कोर्टाला सुट्टी. चौघांनी टेकाडावरून माल काढायला घेतला. पूर्ण गोणी पेलेना, म्हणून तोंड उसवून अर्धी करायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोणी, एक हात वर आणि दुसरा खडकाला. चढताना मान छातीत घुसायची, उतरताना गुडघे लटलटायचे. जजसाहेब तिसऱ्या खेपेला दोनदा बसले. एकदा स्वतःहून, एकदा घसरून.

फाटकाजवळ सुतार स्टूल टाकून बसलेला होता.

"चारशे दहा पावलं होतात," त्याने सांगितलं. "मी मोजलीत. वाटेने गेलं तर एकशे वीस."

चौघं चढत राहिले.

"त्या मधल्या दगडाच्या डावीकडून जा वहिनी, तिकडे चढ कमी आहे."

"चढाची एवढी काळजी आहे तर कुलूप काढा की," धाकटी म्हणाली.

"चढाची काळजी वेगळी, कुलूप वेगळं."

दुपारपर्यंत अकरा गोण्या रस्त्याला लागल्या. थोरल्याने शहाण्णवमधून अकरा वजा केले, आभाळाकडे पाहिलं आणि गोणीवर आडवा झाला. 

जज उठला, पंच्याने तोंड पुसलं आणि फाटकाकडे गेला. तो आणि सुतार शाळेत एकाच वर्गात होते, एकाच बाकावर.

"मी जज म्हणून आलेलो नाही," तो म्हणाला.

"कळतंय. डोक्यावर माती आहे."

"आमचं काय चुकलं ते तरी सांग."

सुतार उठला. फाटकापासून दहा पावलांवर वाटेला एक ओघळ आडवी जात होती. पावसाचं पाणी वाहून न्यायची जुनी चर. तिथे त्याने बोट दाखवलं. "तुमची गाडी इथून जाते. चाकांनी चरीची कड मोडते. पाणी आलं की चर सोडून माझ्या रानात शिरतं. दर वर्षी माती जाते. गेल्या साली दोन फूट तीन इंच. त्याच्या आदल्या साली एक फूट अकरा. सगळं लिहिलेलं आहे माझ्याकडे. तू पहिल्यांदा उभा राहिलास तेव्हा मत मागायला आला होतास. इथेच उभा होतास. मी म्हटलं, वाटेखाली पाईप टाक, बाकी काही नको. तू काय म्हणालास?"

जजला आठवायची गरज नव्हती. त्या काळात तो एकच वाक्य म्हणायचा.

"होऊन जाईल."

"पंधरा दिवसांत, म्हणालास. अकरा वर्षं झाली."

"मी कागद पाठवला होता रे. मोरी मंजूरही झाली होती."

"झाली. बांधूनही झाली. तिकडे वरच्या वाडीला, जिथे ओघळच नाही. लोक संध्याकाळी तिच्यावर बसतात. छान जागा झालीय बसायला."

जज गप्प राहिला. हे काम त्याला आता येत होतं.

"मग फाटक आत्ताच का? दहा वर्षांत कधीही बसवायचं होतंस."

"दहा वर्षं आशा होती. आमदार आहे, आज ना उद्या टाकेल. आता जज झालास. मला आता कोणाचं काहीच करता येत नाही, असं तूच सगळ्या गावाला सांगत फिरतोस. मग मी कशावर थांबू?"

"माझं पत्र नाही तुझ्याकडे?"

"सगळ्या गावाने घेतली. मी नाही घेतलं," सुतार म्हणाला. "म्हटलं, शेजारचा माणूस आहे. त्याच्याकडून लिहून काय घ्यायचं."

एकोणतीस दाव्यांतल्या अठ्ठावन्न पत्रांनी जे झालं नव्हतं ते या एका न घेतलेल्या पत्राने झालं. जजसाहेबांचे कान लाल झाले. तो टेकाड चढून न जाता तिथेच बांधावर बसला आणि न्यायाधीशबाईंना फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं. पाईप आपण टाकला तर चालेल का, विचारलं.

"सरकारी पाईप?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझा."

"माणसं कोणाची?"

"घरची. मी, भाऊ, दोघांच्या बायका."

"आणि खणणार कोण?"

"मी, मॅडम."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बाई खरोखर नियम पाहत होत्या. "आचारसंहितेत फावड्याचा उल्लेख नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पाईप फुकट घेऊ नका. कोणाला फोन करून मागवू नका. स्वतः जा, रांगेत उभे राहा. आणि हे पाहा, तुमचं खणकाम कसं आहे?"

"बेताचं."

"मग लवकर सुरू करा."

रविवारी सकाळी दुकानासमोर जजसाहेब रांगेत उभे राहिले. पुढच्या दोघांनी ओळखून जागा देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. सिमेंटचे दोन पाईप टेम्पोने रस्त्यापर्यंत आले. तिथून फाटकापर्यंत ते लोटत न्यायचे होते. चौघांनी हात लावले आणि पाईप उताराला लागला तसा आपणहून निघाला. थोरला पुढे होता, तो ओरडत बाजूला झाला. धाकटी दोर धरून मागे ओढत होती, प्रत्यक्षात पाईपच तिला ओढत होता. वहिनी हसता हसता वाटेतच खाली बसल्या. पाईप घरंगळत गेला आणि सुताराच्या फाटकाला हलकासा टेकून थांबला.

सुताराने कुलूप काढलं. टेप लावून पाईपची लांबी मोजली. मग म्हणाला, "हे काय आणलंस?"

"पाईप."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"होऊन जाईल म्हणालो होतो ना," जज म्हणाला, आणि फावडं जमिनीत घातलं.

खणताना सुतार वर उभा राहिला, टेप आणि पातळी पाहायची पाणसळ घेऊन. माती वर येत होती, घाम खाली जात होता. चर झाली की तो उतार पाहायचा आणि म्हणायचा, "अर्धा इंच वर आहे."

"अर्ध्या इंचाने काय होतंय?" थोरला म्हणाला.

"अर्ध्या इंचानेच होतं सगळं."

पुन्हा खणलं. मग पाव इंच खाली गेलं. तिसऱ्या वेळी मात्र सुताराला राहवलं नाही. चपला काढून, पायजमा दुमडून तो स्वतःच चरीत उतरला. "सरक. जज झालास म्हणून फावडं असं धरतात?" त्याने फावडं हिसकावून घेतलं आणि तळ असा साफ केला की त्यावर जेवावं. पुढचा तासभर दोघं चरीत खांद्याला खांदा लावून उभे होते. वर्गातल्या बाकावर होते तसेच एकमेकांना कोपरं मारत. वरून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा आवाज किती महिन्यांनी ऐकतेय. कोर्टात ठेवून येता का रोज?"

चारच्या सुमाराला पाईप बसले. माती लोटली, पाण्याचा शिडकावा मारून पायांनी तुडवली. पाच जण कमरेवर हात ठेवून एका ओळीत तुडवत होते, रस्त्याने जाणारे थांबून पाहत होते. मग सुताराने विहिरीवरची मोटर सुरू करून चरीत पाणी सोडलं. पाणी आलं, तोंडाशी जरा घुटमळलं, पाईपात शिरलं. सगळे धावत पलीकडच्या बाजूला गेले. काही क्षण काहीच आलं नाही. मग एक बेडूक आला, आणि त्याच्यामागून पाणी. सरळ चरीतून, एक थेंब बाहेर नाही.

सुतार खाली बसून बराच वेळ पाहत राहिला. मोजायचं विसरला.

"आता उद्या ट्रक थेट शेतात आणतो," थोरला म्हणाला.

"अजिबात नाही," सुतार उठला. "माती ओली आहे. ट्रक आला तर पाईप चिरेल. माझी लाकडाची हातगाडी आहे, तिला रुंद चाकं आहेत. तिच्यावर सात-आठ गोण्या बसतात. आत्ता सुरू केलं तर दिवस मावळायच्या आत निम्मा माल निघेल."

सुतार गाडीचं दांडकं धरून पुढे आणि बाकीचे मागून रेटत. रविवारी दिवे लागेपर्यंत आणि सोमवारी तांबडं फुटल्यापासून गाडी फाटकातून जात-येत राहिली. ढग रात्रभर जमून, सगळ्यांना घाई करायला लावून, न बरसताच पूर्वेला निघून गेले. ट्रक सातला आला तेव्हा शहाण्णवावी गोणी रस्त्यावर होती. त्या दिवशी बरोबर अकराला जजसाहेबांना कोर्टात बसायचं होतं आणि शहराची बस गेलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, केबिनमध्ये व्यापाऱ्याचा माणूस आहे, वर बसत असाल तर या. बायकोने काळा कोट इस्त्रीसकट वर दिला, ओला नॅपकिन दिला, आणि खालून सांगितलं, "मानेमागची माती पुसा. कोर्टातून उठून आत जाताना सगळे मागून पाहतात."

जज गोण्यांच्या ढिगावर मांडी घालून बसला. सुतार ट्रकच्या कडेला येऊन उभा राहिला, हातातली सुतळी बोटाला गुंडाळत.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "तेव्हा मी तुला मत दिलं नव्हतं."

"पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाही, दुसऱ्यांदाही. तू सगळ्यांना हो म्हणत होतास. मला काही ते पटलं नाही."

जज गोणीवर पुढे वाकला. "अरे, मग अकरा वर्षं पाईप कशाच्या जोरावर मागत होतास?"

"मत देणं न देणं माझ्या मनावर होतं," सुतार म्हणाला. "पण शब्द तर तू दिला होतास."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. जजसाहेब असे हसायला लागले की वरच्या दोन गोण्या हलल्या आणि खालून थोरला ओरडला, "बटाटे सांभाळ." आमदारकीत दहा वर्षं हसून झालं होतं, पण हे हसणं वेगळं होतं, यात गाल दुखत नव्हते. वळणापर्यंत ऐकू येत होतं.

दोघी जावा टोपल्या उचलून घराकडे वळल्या. थोरला रिकामी हातगाडी ओढत फाटकाच्या आत आला. सुताराने त्याच्यामागे फाटक लोटलं, कडी घातली. जरा थांबला. मग कडी पुन्हा काढून ठेवली आणि न्याहारीला गेला.